नवाबमामाची उतरंड

नवाबमामाचं आमच्या गावच्या विहिरीशी वैर होतं. सख्ख्या भाऊबंदांत असतं तसं, अगदी पक्कं वैर. गावात आला की सामान उतरवायच्या आधी तो विहिरीच्या काठावर जायचा, आत वाकून बघायचा आणि तिला दोन शिव्या हासडायचा. मगच चिंचेखाली भाता मांडायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, मी तर पोट धरून हसायची. पण खरं सांगते, त्याचं काही चुकत नव्हतं. त्या विहिरीनं त्याच्या धंद्याची पार अब्रू घालवली होती.

नवाबमामा चांद्याचा, कल्हईवाला. परकोटाच्या आत ज्या गल्लीत त्याचं घर, त्याच गल्लीत माझ्या आईचं माहेर. आई त्याला भाऊ म्हणायची, म्हणून तो माझा मामा. आई मी लहान असतानाच गेली, पण मामानं नातं सोडलं नाही. धान घरात आलं की दरवर्षी कथील, नवसागर आणि कोळशाचं पोतं घेऊन तो आमच्या खारटोल्याला हजर. माणूस उंच, आवाज खणखणीत, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. राग आला की मिशीचं एक टोक चावायचा, त्यामुळं ते टोक दुसऱ्यापेक्षा कायम आखूड.

आता आमच्या विहिरीचं पाणी. काय विचारता बाप्पा! साबण लावला तर फेस नाही, तुरीची डाळ सकाळी चढवली तर संध्याकाळी टणक ती टणकच. आम्ही जन्मापासून तेच पाणी पीत होतो, आम्हाला काही होत नसे. पण पाहुण्यानं एक लोटा प्यावा आणि रात्रभर लोटा घेऊनच फिरावं. स्वयंपाकात मीठ टाकायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. पाणी ओतलं की मीठ आलंच. घरात मीठ असलंच तर लोणच्यापुरतं. आणि मामाची कल्हई दुसऱ्या गावांत वर्षभर टिके, ती आमच्याकडे होळीच्या आत उडून जाई. भांडी हिरवी पडत. बाहेरगावच्या बायका बघत आणि म्हणत, नवाबचं काम कच्चं. मग का नाही देणार तो शिव्या?

माझं लग्न ठरलं ते पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात. मुलगा वैनगंगेच्या काठच्या गावचा. आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही, तुम्हीही विचारू नका. सासरे गुणवंतराव, मोठे शेतकरी, शब्दाचे कडक. त्यांच्या कानावर आमच्या गावची कीर्ती गेलेली होती. आदल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारी एक वऱ्हाड आलं होतं. खारं पाणी पिऊन गेलं आणि परतीच्या वाटेवर जिथं झुडूप दिसेल तिथं गाड्या थांबवत गेलं. ती गोष्ट साऱ्या मुलखात फिरली. सुपारी फुटली तेव्हाच गुणवंतरावांनी बाबांना सांगून टाकलं, "लटारूभाऊ, पोरगी पसंत आहे. पण वऱ्हाडाले गोड पाणी पाजा. तोंडाले खार लागला का मी मांडवातून गाड्या फिरवीन."

बाबा हो म्हणून बसले. नदी तीन कोसांवर, गाड्यांत पिंपं भरून आणू, त्यात काय एवढं. पण चैत्रात गावावर खुरकत आली. एकूण एक बैल बसला. तोंडातून फेस, खुरांना जखमा, उठायचं नाव नाही. आजार पसरेल म्हणून शेजारचं गाव बैल देईना. बायका डोक्यावरून आणणार ते किती आणणार? एवढं मोठं वऱ्हाड, त्यांचं पिणं, त्यांचा स्वयंपाक, जेवल्यावर हात धुणं. तारीख पुढं ढकलावी तर पुढं सिंहस्थ लागत होता, वर्षभर लग्नं बंद. आणि मांडवातून वऱ्हाड परत गेलेल्या मुलीला मग कोण विचारतो हो? बाबा ओट्यावर डोकं धरून बसत. मी आत बसून रडे. मला मुलगा आवडला होता. हो, आवडला होता, आता या वयात लाजायचं काय त्यात.

अशात नवाबमामा आला. लग्नाची भांडी उजळायला आला होता. त्यानं बाबांचं तोंड बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि चक्क हसला. चांद्याला त्याचे चुलते ओव्याचा, बडीशेपेचा अर्क काढत. लहानपणी मामानं त्यांच्या भबक्याला फुंकर घातली होती. तांब्याच्या डेगीत पाणी आणि ओवा उकळायचा, वाफ नळीतून बाहेर काढायची, नळी गार ठेवायची, की अर्क थेंब थेंब खाली पडतो.

"भाऊजी," तो बाबांना म्हणाला, "वाफेच्या अंगात मीठ उचलाची ताकद नाई. मीठ डेगीतच राह्यते. याच बाईचं पाणी मी तिच्याच छातीवर बसून गोड करतो का नाई ते पाहा."

ही बाई म्हणजे विहीर. मामा पेटलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच चूल मांडली, डेग चढवली, झाकणाला नळी जोडली. आख्खं गाव गोळा झालं. थेंब पडायला लागले आणि आम्ही सगळे नाचलो. पण संध्याकाळ झाली तेव्हा जमलं होतं एक गुंडभर, म्हणजे कळशीभर पाणी, आणि जळालं होतं आमचं महिन्याचं सरपण. जंगलचा नाकेदार डोक्यावरची मोळी तेवढी आणू देई, गाडीभर लाकडाला हात लावू देत नसे. शिवाय नळी गार ठेवायला जेवढं पाणी ओतलं ते कोमट होऊन वाहून गेलं. बाबा हळूच म्हणाले की नवाब, या हिशेबानं तर लग्नाआधी जंगल संपेल. मामा मिशी चावत बसला. मला वाटलं, संपलं सगळं.

त्या दिवशी मामा आमच्या ओसरीवर जेवायला बसला होता. आत भागीरथा आत्या रांधत होती. माझ्या बाबांची ही बहीण, आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. चुलीवर भाताचा गंज, म्हणजे उभट पितळी पातेलं, आणि त्या गंजाच्या तोंडावर झाकण म्हणून पाण्यानं भरलेला दुसरा गंज. भात शिजतो, वरचं पाणी तापतं, आंघोळीला होतं. आमच्याकडे घरोघरी असंच करतात, त्यात नवल काही नाही. पण मामाचा घास हातातच राहिला. तो टक लावून वरच्या गंजाकडे बघत होता. त्यातून वाफा निघत होत्या.

"बाई, या वरच्या पाण्याले चूल कुठी आहे?" त्यानं विचारलं.

आत्या म्हणाली, "खालच्याचीच वाफ लागते ना त्याले. वाफ काऊन फुकट जाऊ द्याची?"

मामा ताटावरून उठला तो उष्ट्या हातानं. वरचा गंज उचलला, बोटं भाजली, तरी उलटून त्याचं बूड बघितलं. बुडाला थेंब लोंबत होते. त्यानं एक जिभेवर घेतला आणि असा ओरडला की गोठ्यातल्या आजारी बैलांनीही माना वर केल्या. मग अंगणात कोळशानं चित्र काढून तो आम्हाला समजावायला लागला. मी डोळे फाडून ऐकत होते, आणि मला सगळं कळत होतं! वाफ थंड करायला तो गार पाणी ओतत होता आणि ते तापलेलं पाणी फेकून देत होता. म्हणजे सगळं सरपण मोरीत. त्याऐवजी ते गार पाणी म्हणजे वरचा गंजच का नसावा? खालची वाफ वरच्याच्या बुडाला लागेल, गोड थेंब होऊन पडेल, आणि पडता पडता वरच्याला तापवेल. मग वरच्याची वाफ निघेल, ती त्याच्या वरच्याच्या बुडाला लागेल. चूल एक, सरपण एक, आणि काम तीन गंजांचं. आपली घरातली उतरंडच की ती, फक्त गळक्या नळ्या लावलेली.

पण त्यासाठी प्रत्येक गंजाला भोक पाडायला हवं होतं. थेंब झेलायला आत एक ताटली टांगायची आणि तिची नळी बाजूनं बाहेर काढायची. मामा म्हणाला, लग्न झालं की मी भोकाला डाग देऊन बंद करून देईन, कळणारही नाही. तरी बायकांचे जीव वर आले. माहेरून आलेले गंज ते, भोक पाडू देणार कोण? त्यात बापूजी नावाच्या एका म्हाताऱ्यानं वेगळाच मुद्दा काढला, की नवाबच्या हातचं पाणी वऱ्हाडाला चालेल का? आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिनं त्यांना विचारलं की बापूजी, तुमच्या ज्या गंजात रोज भात शिजतो त्याला आतून हात कोणाचा लागतो?  मग आत्यानं स्वतःचा गंज आणून मामापुढे ठेवला, तिच्या लग्नातला, काठावर नाव कोरलेला. त्यावर मामानं छिन्नी ठेवली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. त्यानंतर घरोघरचे गंज आपोआप यायला लागले.

काय दिवस होते ते! विहिरीच्या काठी ओळीनं उतरंडी उभ्या राहिल्या. मामानं प्रत्येक गंजाला जाड कल्हई केली, नाहीतर पाण्यात तांबं उतरलं असतं. पहिल्या दिवशी सांधे कणकेनं लिंपले तर वाफेनं कणीक शिजून फुगली आणि टपाटप खाली पडली. कुत्र्यांची चंगळ झाली, मामानं मिशीचं उरलेलं टोकही चावलं. मग त्यानं मातीत राख आणि पिंजलेला कापूस मळला, ते मात्र धरून राहिलं. बायका मोळ्या आणत, मी आणि आत्या जाळ सांभाळत असू. मामा या उतरंडीकडून त्या उतरंडीकडे उड्या मारत असे. कुठं वाफ फुसफुसली की तिथं मातीचा गोळा थापायचा. आणि नळ्यांतून पाणी पडत होतं. थेंब नाही, धार. करंगळीएवढी का होईना, पण धार! परवा जेवढं सरपण एका गुंडाला लागलं होतं, तेवढ्यात आता जवळजवळ तीन गुंड भरत होते. बाबा प्रत्येक गुंडाला हात लावून बघत होते, लहान मुलासारखे.

गावातल्यांनी पाणी चाखलं आणि सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. याला चवच नाही म्हणे. बापूजी तर थुंकले. मामा खो खो हसला. अरे, यालाच गोड पाणी म्हणतात, तुमच्या जिभा खाऱ्या झाल्यात, असं म्हणाला. खालच्या गंजांत जे दाट, खारट पाणी उरे ते त्यानं विहिरीजवळ ओतू दिलं नाही. एका रांजणात साठवलं. मी विचारलं, हे कशाला ठेवायचं? तर म्हणे, त्या बाईला तिची हत्यारं परत द्यायची नाहीत. वैर म्हणजे वैर.

वऱ्हाड आलं. वाजंत्री, धूळ, वीस-पंचवीस गाड्या. खुरकतीच्या धाकानं त्या शिवेवरच सोडल्या होत्या. मांडवाच्या दारात कोऱ्या माठांची रांग, आत वाळा टाकलेलं पाणी. मी आत नटून बसले होते, फटीतून बघत होते. गुणवंतरावांनी लोटा तोंडाला लावला.  त्यांनी तो संपवला, परत पुढे केला, दुसरा लोटाही संपवला आणि मिशांवरून हात फिरवला. वऱ्हाड पाण्यावर तुटून पडलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवाबमामा चिंचेखाली बसून नुसता हसत होता. लग्न लागलं, अक्षता पडल्या, आणि मला वाटलं, जिंकलो बाई आपण.

मग पंगत बसली. पानात भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. वाढणं झालं, पहिला घास तोंडात गेला आणि पंगत एकदम चुप. पळीचा, भांड्याचा आवाज नाही. एकेक जण शेजाऱ्याकडे बघायला लागला. गुणवंतरावांनी दुसरा घास घेतला, चावला, आणि हात पानावर तसाच ठेवला. सगळं अळणी होतं. भात अळणी, वरण अळणी, भाजी अळणी. आत्यानं आणि गावच्या बायकांनी सगळा स्वयंपाक गोड पाण्यात केला होता, डाळ अशी मऊ शिजली म्हणून एकमेकींना टाळ्या दिल्या होत्या, आणि मीठ टाकायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जन्मात कधी टाकलं नव्हतं, तर येणार कसं? आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. घराघरांत शोधलं. लोणच्यातून उरलेलं मूठभर मीठ. एवढ्या पंगतीला ते काय पुरणार?

"लटारूभाऊ," गुणवंतरावांचा आवाज आला, "चवीच्या मिठालेही महाग झालो का आमी? येवढे हलके पाव्हणे आहो?"

 मी दाराची चौकट घट्ट धरली. अक्षता पडल्या असल्या तरी पंगतीतून व्याही उठला की पाठवणी अडली म्हणून समजा. तेवढ्यात नवाबमामा धावत रांजणाकडे गेला. धोतराच्या कोऱ्या तुकड्यातून ते दाट पाणी त्यानं बादलीत गाळलं आणि बादली आत्याच्या हातात दिली. आत्यानं ते उकळत्या वरणात ओतलं, ढवळलं, चाखलं आणि मान डोलावली. मामा मग पंगतीसमोर येऊन उभा राहिला. घामानं निथळत होता, हातांना माती लागलेली.

"गुणवंतराव, तुमी पाणी पेले ते याच विहिरीचं. नदीचा एक थेंब नाई त्यात. मीठ मी काढून ठेवलं होतं, आन् या बाया ते परत टाकाले चुकल्या. जनमभर यायच्या हातानं मीठ पडलंच नाई, तर आज कसं पडंल? माणसाची चूक नाई ही, पाण्याची आहे. आता वरण घ्या."

गुणवंतराव मग उठले. पंगतीतून उठले!  पण ते गाड्यांकडे गेले नाहीत, विहिरीकडे गेले. खरकट्या हातानंच. सगळी पंगत त्यांच्या मागं. त्यांनी बादलीभर पाणी काढायला लावलं, ओंजळ तोंडात घेतली आणि लगेच थुंकली. मग उतरंडीच्या नळीखाली हात धरला, एका उतरंडीच्या बुडाशी अजून विस्तव होता, तिची बारीक धार ओंजळीत घेतली, प्याले. परत विहिरीचं चाखलं, परत थुंकले. परत नळीचं प्याले. उतरंडीला वरून खाली न्याहाळलं.

"याले जळतन किती लागते?" त्यांनी विचारलं.

मामाला आणखी काय हवं होतं? तो सांगत सुटला. एकावर किती गंज चढतात, चौथा चढवला तर फायदा कमी का होतो, वरचं तापलेलं पाणी खाली ओतलं की उकळायला वेळ कसा लागत नाही. गुणवंतराव मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले की लाकूड काऊन जाळता, धानाचा कोंडा जाळा, आमच्याकडे ढीग पडले आहेत, कोणी विचारत नाही. मामानं कपाळावर हात मारला आणि त्यांना मिठीच मारायला गेला, मग हातांची माती बघून थांबला. इकडे भात गार झाला. दोघांना हाताला धरून पंगतीत आणावं लागलं. वरण चांगलं झालं होतं, किंचित कडसर, पण कोणी पानात टाकलं नाही.

पुढच्या वर्षी बैल उठले होते, तरी मामानं खारटोल्यात विटांची पक्की भट्टी बांधली. गुणवंतराव गाडीगाडीनं कोंडा पाठवत. गावाला रोजचं पिण्याचं पाणी मिळायला लागलं. त्याचा एक परिणाम असा झाला की आमच्या गावात कल्हई वर्ष-वर्ष टिकायला लागली आणि मामाला काम उरलं नाही. मी चिडवायची, मामा, स्वतःच्या हातानं धंदा बुडवला. तो म्हणायचा, धंदा बुडाला पण बाई हरली. त्यानंतर तो जिथं जिथं खारं पाणी आहे असं ऐके तिथं भाता उचलून निघून जाई. आमच्या खुर्शीदामामी मला म्हणत, या माणसानं घरात कधी एक घडा भरला नाही, आणि गावागावाला पाणी पाजत फिरतो. म्हातारपणापर्यंत त्याचं तेच वेड. शेवटी शेवटी तर तो सूरजागडाच्या लोखंडाची भली मोठी उतरंड करून समुद्रावर न्यायची भाषा करत होता. समुद्र त्यानं कधी बघितला नव्हता. पण तो खारा आहे एवढं त्याला कळलं होतं, आणि तेवढं पुरे होतं.

पण माझी खरी गोष्ट अजून राहिली. पाठवणी झाली, मी सासरी गेले. तिसऱ्या दिवशी माझ्या हातचा पहिला स्वयंपाक. सगळं घर बघत होतं, पंगतीची गोष्ट माझ्या आधी पोहोचलेली. वैनगंगेचं गोड पाणी, मऊ डाळ. मी मन लावून रांधलं, पानं वाढली, आणि सासऱ्यांनी पहिला घास घेतला तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं. मी मीठ टाकलं नव्हतं. एवढं सगळं होऊनही, सवयीच्या हातानं, नव्हतंच टाकलं.

मी तिथंच खाली बसले. आता काय ऐकावं लागणार, म्हणून मान खाली घातली. गुणवंतराव उठले, कोनाड्यातून एक पुडी काढून आणली आणि माझ्यापुढे धरली. जाडसर, मळकट मीठ होतं त्यात, उतरंडीच्या तळाला वाळलेलं.

"तुझ्या मामानं निघताना माझ्या हातात देल्ली," ते म्हणाले. "म्हणे, पोरगी खारटोल्याची आहे, पहिल्या दिवशी वरण अळणी करंल. तिच्यावर रागावू नका, हे टाका."

त्यांनी स्वतःच्या हातानं चिमूटभर मीठ वरणात टाकलं, कालवलं आणि जेवायला बसले.